कारण न देता

तात्या, परवा निमगावला तुमचा दहावा झाला आणि आज मी कारखान्यात कामावर हजर झालो. टेबलावर तोच छापील कागद होता, नव्या माणसाला कामावर घेताना ज्यावर सही घेतात तो. सकाळपासून माणसं येताहेत, सह्या आणि अंगठे होताहेत आणि दर वेळी त्या एका ओळीशी माझं बोट अडखळतंय. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "का रं वसंता, बोट भाजलं का काय?" दुसऱ्याची पंचाईत झालेली बघून तुम्हाला फार बरं वाटायचं.

आपलं भांडण अर्धवट राहिलं. मला वाटलं होतं, कारखान्याचं गाळप जरा मार्गी लागलं की निमगावच्या बाजाराच्या दिवशी येईन, तुमच्या ओट्यावर बसेन आणि पुढचं भांडू. तुम्ही थांबला नाहीत. थंडीनं छाती धरली आणि इकडे निरोप पोहोचेपर्यंत सगळं आटोपलंसुद्धा. आता बोलतोय तो मी एकटाच. तुमच्याशी भांडताना मला एवढा वेळ सलग बोलू दिलंय असं याआधी कधी झालं नव्हतं.

मी तुम्हाला कायम एकाच जागी पाहत आलो. अंथुर्ण्याला आमच्या मळ्यात हिवाळ्यात गुऱ्हाळ लागायचं. चुलवाणावर रसाची काहील चढली की आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, स्वतःच्याच मळ्यातलं राज्य संपायचं आणि तुमचं सुरू व्हायचं. तुम्ही गुळवे. रसावरची मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी कधी घालायचं, पाक झाला की नाही आणि काहील कधी उतरवायची, हे तुम्ही सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. भोवती चिपाडाची राख उडत असताना तुम्ही धुतलेलं धोतर नेसून यायचात. आईनं पाठवलेली भाकरी इतकी वर्षं खाल्लीत, पण एकदाही चांगली झाली म्हणाला नाहीत. दुसऱ्याच्या गुऱ्हाळाचा गूळ चाखून थुंकायचात, आणि त्याचा मालक जवळ असला तर जरा लांब जाऊन थुंकायचात, एवढीच तुमची माणुसकी. आबा म्हणायचे, "तात्यासारखा खवीस माणूस न्हाय आन तात्यासारखा गूळबी न्हाय." बारामतीच्या पेठेत आमच्या ढेपा बाजूला काढून ठेवायचे हे खरं. पण एखादं आधण बिघडलं तर तुम्ही दोष उसाला द्यायचात, पाण्याला द्यायचात, आबांच्या नशिबालाही द्यायचात. स्वतःला दिलेला मी कधी ऐकला नाही.

तुमचा आणि आबांचा करार सुपारीचा. दसऱ्याला तुम्ही निमगावहून यायचात, आपट्याचं पान द्यायचात आणि आबा दोन शेजाऱ्यांच्या समोर तुमच्या हातावर अख्खी सुपारी ठेवायचे. ती तुमच्या देव्हाऱ्यात राहायची. गुऱ्हाळ लागलं की पहिल्या काहिलीपाशी ती फोडायची, अर्धी आबांच्या तोंडात, अर्धी तुमच्या. मधल्या दिवसांत आबांनी दुसरा गुळव्या बघायचा नाही आणि तुम्ही दुसऱ्याचं बोलावणं घ्यायचं नाही. ऊस वाळो, बैल मरो, काही होवो. मोडायचंच झालं तर समोरासमोर बसून का मोडतोय ते सांगायचं आणि मग सुपारी हातानं परत घ्यायची. लिहिलेलं कुठंच काही नव्हतं. तरी आमच्या बाजूला कुणी सुपारी मोडल्याचं मला आठवत नाही.

यंदा कारखाना सुरू झाला. जो शेतकरी सभासद झाला त्यानं सगळा ऊस कारखान्यालाच घालायचा, आणि आबा अगदी पहिल्या सभासदांतले. मीही तिथंच, कामगारांच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलेला. आमच्या मळ्यात आता गुऱ्हाळ लागणार नाही हे आमच्या घरातल्या मांजरालाही कळलं होतं. तरी दसऱ्याला तुम्ही आलात. तेच धुतलेलं धोतर, हातात आपट्याची पानं. मी आबांकडे पाहिलं. म्हटलं, आता सांगतील. आबा आत गेले, सुपारी घेऊन आले आणि तुमच्या हातावर ठेवली. शेजारी तर पान घ्यायला आलेलेच होते.

तुमची पाठ वळल्यावर मी आबांवर तडकलो. "ऊस लिहून दिलाय कारखान्याला. तात्या काहिलीत आटवणार काय, विहिरीचं पाणी?"

"सणाच्या दिवशी सोनं घिऊन दारात आल्याला माणूस," आबा म्हणाले, "त्येला कसं न्हाय म्हणू? बगू फुडचं फुडं."

आमच्याकडं हे असंच आहे, तात्या. तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून हो म्हणायचं, आणि मग त्या होचं काय करायचं ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बघायचं. दुसरं कुणीतरी म्हणजे मी. आणि बघायला तर हवंच होतं, कारण आबांची सुपारी घेतली म्हणून तुम्ही बारामतीकडचं एक बोलावणं परत पाठवलंत असं कानावर आलं होतं. आमचं गुऱ्हाळ लागणार नाही आणि दुसऱ्याचं तुम्ही घेणार नाही. म्हणजे अख्खा हिवाळा तुम्ही ओट्यावर बसून काढणार.

मी आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या पाठी लागलो. रस आटवण्यात हयात गेलेला माणूस आहे, आपल्याला उपयोगी पडेल, असं सांगत राहिलो. शेवटी रस उकळतात त्या खात्यात तुम्हाला हंगामापुरती जागा मिळाली. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. तुम्हाला निरोप धाडला आणि तुम्ही आलातही. कचेरीच्या ओट्यावर आपण बसलो. कागद माझ्या हातात होता.

"आन आबांची सुपारी?" तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलंत.

"ते तुमचं तुम्ही आणि आबा बघा," मी म्हणालो. आबांचा मुलगा शोभलो.

तुम्ही कागदाकडं बोट दाखवलंत. मग म्हणालात, "बरं. वाच काय लिवलंय."

मी वाचत गेलो. तुम्ही मान हलवत होतात. मग ती ओळ आली. व्यवस्थापनास योग्य वाटेल तेव्हा, कोणतेही कारण न देता, कामावरून कमी करण्यात येईल.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजी मला घालवायचं तर घालवा, पर का त्ये सांगायचं न्हाय?"

"तात्या, छापीलच असतं ते. सगळीकडं असंच असतं. ही ओळ कुणी वापरत नाही."

"वापरायची न्हाय तर लिवली कशापायी? खुट्टा ठोकायचा, दावं बांधायचं आन म्हणायचं, ह्येला बैल बांधायचा न्हाय."

मी समजावत राहिलो. म्हटलं, साहेब माणूस चांगला आहे. कारखाना काही परक्याचा नाही, आपल्याच शेतकऱ्यांचा आहे. आणि सुपारी गावात चालते तात्या, इथं दहा गावची माणसं येणार, कोण कुणाला ओळखतो? कागद पाहिजेच. मी स्वतः याच कागदावर सही केली आहे.

"वाचून?" तुम्ही विचारलंत.

मी खरंच वाचला नव्हता. नोकरी लागल्याच्या आनंदात वाचतो कोण.

"तेवढी वळ खोड," तुम्ही म्हणालात. "मी आबांकडनं मोकळा हून येतो आन आंगठा देतो."

"ते माझ्या हातात नाही."

"मग ज्येच्या हातात हाय त्येला सांग. काडा म्हणावं कामावरनं. चार शिव्या घाला. पर कारण द्या. कारण न देता कुत्र्यालाबी कुणी दारातनं हाकलत न्हाय."

तोपर्यंत ओट्याखाली चारपाच जण उभे राहून ऐकत होते. कचेरीतला माणूस म्हणून माझा काही आब होता, तो जातोय असं वाटलं आणि मी एकदम म्हणालो, "आणि सोपानाला तुम्ही काय कारण दिलं होतंत?"

सोपान सांगवीचा. कितीतरी हंगाम त्यानं तुमच्या चुलवाणाला जाळ घातला. तोंडानं गरीब, धुरानं डोळे कायम लाल. एका हंगामात मध्येच, भर दुपारी, तुम्ही त्याला म्हणालात, "उद्यापासनं येऊ नगंस." 'का' म्हणून त्यानं विचारलं नाही. घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि निघून गेला. आबांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "माझ्या चुलवाणापाशी कोण बसणार त्ये मी ठरवणार." विषय तिथं संपला. गुळव्याला सुपारी होती. जाळ घालणाऱ्याला सुपारी द्यायची रीतच नव्हती.

"तुमची सुपारी तुमच्यापुरती," मी म्हणालो. "सोपानाला कुणी दिली होती सुपारी? आमचा कागद निदान सगळ्यांना सारखा आहे."

माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण ते मी सोपानासाठी म्हणालो नव्हतो, जिंकण्यासाठी म्हणालो होतो. सोपान तेव्हा कुठं आहे, काय करतो, हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

तुम्ही उठलात, धोतराचा सोगा झटकलात, वहाणा घातल्यात आणि रस्त्याला लागलात. जाताना येतो म्हणाला नाहीत. ओट्याखालचे लोक पांगले. तुम्ही रुसलात असं मी धरलं, आणि तुमचा राग पुढच्या पाडव्यापर्यंत उतरत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तुमचं म्हणणं मी साहेबांच्या कानावर घातलं. ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. कामगारांचे नियम संचालकांच्या बैठकीत यायचेत, तेव्हा तू मांड, म्हणाले. एवढं तरी तुम्हाला कळवायला हवं होतं. निमगावची मोटार रोज कारखान्यावरून जाते. कुणाकडूनही निरोप गेला असता. पण मी म्हटलं, बैठक होऊ दे, ओळ खोडली जाऊ दे, मग कागदच घेऊन जाऊ आणि तात्याच्या समोर आपटू. ते आपटायचं राहिलं.

दहाव्याला ओढ्याकाठी माणसं बरीच होती. तुमच्या जिभेचा मार खाल्लेलीच सगळी. आणि त्यांत, एका बाजूला बाभळीखाली, सोपान बसला होता. केस पार पिकलेले, पण डोळे आता लाल नव्हते. मला आधी पटेना. सांगवीहून इतक्या लांब हा कशाला येईल? तुमच्याकरता तर मुळीच नाही. विधी आटोपल्यावर तो आपणहून माझ्याकडं आला.

"वसंतराव, तात्या आलतं माझ्याकडं."

"कधी?"

"दिवाळी झाल्यावर. मोटारीनं बारामतीपातुर आलं आन तितनं चालत. मी शेणकूट लावत हुतो. मला वाटलं कुणाचा सांगावा घिऊन आलं. बस म्हणलं तर बसनात. हुब्या हुब्याच म्हणलं, सोपाना, तुला मी का घालवला त्ये सांगाय आलोय."

सोपान तुमचेच शब्द सांगत गेला.

"म्हणलं, त्या दिशी पाक झाल्याला तू माझ्या आदी वळखलास. चार माणसांत म्हणलास, तात्या, काहील उतरा. आन खरंच उतराय झालती. मला सोसलं न्हाय. दुसरं कारण न्हाय. तुझी चूक न्हवती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हणणार?" सोपान म्हणाला. "आवो, मी इतकी वर्सं त्येच उकरत बसलोय. जाळ कमी पडला आसंल का, कुणी चुगली केली का, कायतरी उचललं म्हणून माझ्यावर आळ आला का. बायकू म्हणायची, उगं कोण घालवंल, तूच कायतरी केलं आसशील. म्हणून म्हणून मलाबी तसंच वाटाय लागलं. फुडं दुसऱ्या गुऱ्हाळावर गेलोच न्हाय मी. म्हणलं, जी काय खोड हाय ती माझ्यातच हाय, तितंबी तसंच हुणार. तात्यानी सांगितलं आन मी बायकूला हाक मारली. म्हणलं, हिच्या म्होरं सांगा. त्येनी परत सांगितलं."

"परत सांगितलं?"

"व्हय. तिच्याकडं बगून सांगितलं. मग चा घेतला. चांगला झालता म्हणलं न्हाईत."

तिथं ओढ्याच्या काठावर, दहाव्याच्या दिवशी, मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. सोपानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात त्यानं ठेवायचा आणि रडायचं मी, असा सगळा उलटाच प्रकार.

तात्या, तुम्ही मला हे का सांगितलं नाहीत? कारखाना तुमच्या वाटेवरच होता. येता येता उतरून "जाऊन आलो रं" एवढं म्हणाला असतात तर मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पण तुम्ही कसचे म्हणताय. मी जिंकायला फेकलेला दगड तुम्ही उचललात, खिशात घातलात आणि थेट सांगवीला गेलात. आणि मी इकडे, तात्या रुसले, तात्या रुसले, म्हणत गाळपाच्या गडबडीत मिरवत होतो. ती ओळ मी शेकडो माणसांना वाचून दाखवली आहे. घालवलेला माणूस घरी जाऊन काय करतो हे मला सोपानानं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. तो आपल्यातच खोट शोधत बसतो. सापडेपर्यंत शोधतो, आणि शोधलं की ती सापडतेच.

तुमच्या घरी जेवणं झाली. आम्ही निघण्याच्या बेतात होतो तेव्हा तुमच्या मागं राहिलेल्या काकी आतून आल्या. पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि सुपारी आबांच्या समोर धरली.

"आबा, ही तुमची. ह्येनी देव्हाऱ्यातनं हलू दिली न्हवती. लोकं म्हणायची, अंथुर्ण्याचं गुऱ्हाळ बंद झालं, तुमी दुसरीकडं जावा. तर ह्ये म्हणायचं, आबांनी मला कुठं सांगितलंय? त्ये सांगत न्हाईत तवर मी त्येंचाच गुळव्या."

आबांनी हात पुढं केला. काकींनी सुपारी सोडली नाही.

"रीत तुमाला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "का त्ये सांगून घ्यायची."

आबा कारखान्याच्या सभेत तास तास बोलतात, पण तेव्हा त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मी मध्ये पडणार होतो. ऊस, सभासद, नियम, सगळं माझ्या तोंडावर होतं. आबांनी हातानंच मला थांबवलं.

"ऊस कारखान्याला लिवून दिलाय, वैनी," ते म्हणाले. "औंदा गुऱ्हाळ लागायचंच न्हवतं. दसऱ्यालाच सांगाय पायजे हुतं. तात्या पानं घिऊन दारात हुबा ऱ्हायला आन त्येच्या तोंडाकडं बगून माझी जीभ उचलली न्हाय. त्येचा काय दोष न्हवता. कामात कवाच न्हवता."

"त्येनला ठावं हुतं," काकी म्हणाल्या. "पर तुमच्या तोंडनं आइकायचं हुतं."

मग त्यांनी सुपारी आबांच्या हातावर ठेवली. परतीच्या वाटेवर बैलगाडीत आबांनी ती मूठ उघडली नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, ही कुठं ठेवायची. आबा म्हणाले, "ठिव देव्हाऱ्यात." फोडायला अर्धा वाटेकरी नाही, आणि टाकवत तर नाहीच. आहे अजून तिथं.

पुढच्या आठवड्यात संचालकांची बैठक आहे. नियमांचा विषय निघाला की मी ती ओळ वाचून दाखवणार आहे, तुम्ही माझ्याकडून वाचून घेतलीत तशी, दोनदा. सोपानाला विचारून आलोय, त्याचं नाव घेऊन सांगू का म्हणून. तो म्हणाला, सांगा. संचालक मंडळी वाईट नाहीत. आबांच्या मांडीला मांडी लावून बसणारेच आहेत. सगळीकडं असंच असतं, असं मी तुम्हाला म्हणालो होतो, तसंच तेही मला म्हणतील. कदाचित कायदा दाखवतील. ओळ राहिलीच तर तिच्याखाली मी माणसांच्या सह्या घेतच राहणार, कारण मलाही घर आहे आणि माझीही सही त्याच कागदावर आहे. हे तुमच्यापासून लपवून काय करू?

पण नाही म्हणाले, तर का नाही, एवढं विचारल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. जे सांगतील ते ऐकून घेईन आणि बाजाराच्या दिवशी निमगावला येईन. तुमच्या ओट्यावर बसून काकींना सगळं सांगेन, शब्दन्‌शब्द, ओळ खोडली असली तरी आणि नसली तरी. तुम्ही सांगवीपर्यंत गेलात, तात्या. मला निमगाव काय लांब आहे.